बांधावरचा कारिवणा आणि ट्यूबमधला अर्क: त्वचेच्या दाव्यांचा आढावा

भातलावणी उरकली की कोकणपट्टीत बांधांच्या कडेने, विहिरीच्या काठी, ओहोळाच्या ओलीत एक बुटकी वनस्पती जमिनीलगत पसरत जाते. तिचे नाव कारिवणा. संस्कृत ग्रंथांत मंडूकपर्णी, तर घरोघरी सरसकट ब्राह्मी. पालघर तालुक्यात, बोईसर-चिल्हार रस्त्यावरच्या बेटेगावसारख्या गावांत भातखाचरांना लागून नव्या वसाहती उभ्या राहिल्या, तरी तिला मानवतील अशा ओल्या जागा अजून शिल्लक आहेत. त्याच वसाहतींत राहणारी तरुण मुले-मुली मात्र तिला वेगळ्याच नावाने ओळखतात. कोरियन क्रीमच्या ट्यूबवर 'सिका' असे छापलेले असते. चिडलेली, लालसर, पुरळ उठलेली त्वचा शांत करणारा अर्क म्हणून ती विकली जाते.

गेल्या काही वर्षांत या अर्काभोवती दाव्यांची दाटी झाली आहे. जखम लवकर भरते, व्रण फिके पडतात, सुरकुत्या कमी होतात, मुरुमांची आग शमते, गरोदरपणातले पोटावरचे पट्टे टळतात, अशी ही यादी लांबतच चालली आहे. यातल्या कोणत्या दाव्यामागे किती पुरावा आहे, मतभेद कुठे आहेत आणि कोणत्या प्रश्नांची उत्तरे अजून मिळायची आहेत, याचा हा आढावा.

नेमकी कोणती वनस्पती?

कारिवण्याची ओळख पटवणे अवघड नाही. बारीक, लालसर धावते खोड जमिनीवर सरपटते आणि पेरापेराला मुळे धरते. प्रत्येक पेरातून लांब देठावर पान वर येते. ते मूत्रपिंडाच्या आकाराचे असून त्याची कड गोलसर दातेरी असते. फुले इतकी लहान आणि देठाच्या बुडाशी इतकी दडलेली, की पाने बाजूला केल्याशिवाय दिसत नाहीत. कुळ कोथिंबीर, ओवा आणि गाजराचे. लिनियसने १७५३ मध्ये तिला 'हायड्रोकॉटिल एशियाटिका' म्हटले. १८७९ मध्ये अर्बन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला 'सेंटेला' प्रजातीत नेले. आज सेंटेला एशियाटिका हेच तिचे शास्त्रीय नाव.

गोंधळ होतो तो बाकोपा मोनिएरी या दुसऱ्या वनस्पतीशी. तिची पाने लहान, मांसल आणि समोरासमोर असतात, फुले पांढरट-जांभळी. दोन्हींना ब्राह्मी म्हणण्याची रीत देशभर आहे. आयुर्वेदिक फार्माकोपियाने मात्र त्यांची नोंद स्वतंत्र ठेवली आहे: ब्राह्मी म्हणजे बाकोपा, मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला. चरकसंहितेत मंडूकपर्णी चार मेध्य म्हणजे बुद्धी वाढवणाऱ्या रसायनांत येते आणि वयःस्थापन म्हणजे वय टिकवून धरणाऱ्या दहा द्रव्यांच्या गटातही येते.

त्वचेच्या संदर्भात हा फरक फार महत्त्वाचा आहे. व्रणावर आणि जळजळीवर ज्या संयुगांचा अभ्यास झाला ती सेंटेलातली आहेत. बाकोपातली मुख्य संयुगे वेगळी असून त्यांच्यावरचे बहुतेक संशोधन स्मरणशक्तीशी निगडित आहे. नुसते 'ब्राह्मी अर्क' असे लिहिलेल्या बाटलीत दोहोंपैकी काय आहे, हे ग्राहकाला कळण्याचा मार्ग नसतो.

मॉरिशस, मद्रास, मादागास्कर

आधुनिक वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले ते कुष्ठरोगामुळे. १८५२ च्या सुमारास मॉरिशसमधल्या बॉयलो या डॉक्टरांनी तिचा कुष्ठरोगावर उपयोग होत असल्याचे सांगितले. पुढे मद्रासमध्ये डॉ. अलेक्झांडर हंटर यांनी ती कुष्ठरुग्णांना देऊन पाहिली. त्यांनी तिला रोगावरचा हमखास उपाय मानले नाही, तरी तिची चर्चा थांबली नाही. १८६८ च्या 'फार्माकोपिया ऑफ इंडिया'त तिला अधिकृत औषधाचे स्थान मिळाले. मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांसह १८९० ते १८९३ या काळात 'फार्माकोग्राफिया इंडिका' प्रसिद्ध केले, त्यातही तिची नोंद आहे.

विसाव्या शतकात संशोधनाचे केंद्र मादागास्कर आणि फ्रान्सकडे सरकले. १९४१ मध्ये या वनस्पतीतून एशियाटिकोसाइड हे संयुग वेगळे काढण्यात आले. मादागास्करमध्ये पिएर ब्वातो आणि आल्बेर राकोतो रात्सिमामांगा यांनी कुष्ठरोगाचे व्रण आणि चिघळलेल्या जखमांवर त्याचा अभ्यास केला. त्यातूनच 'मॅडेकासॉल' हे मलम आणि पावडर युरोपच्या बाजारात आली. दक्षिण कोरियात या मलमाने घरगुती औषधाच्या पेटीत जागा मिळवली आणि पुढे त्याच परिचयावर 'सिका' क्रीमची लाट उभी राहिली.

कुष्ठरोगावरचे औषध म्हणून या वनस्पतीचा अध्याय मात्र कधीच मिटला आहे. १९४० च्या दशकात डॅप्सोन आले, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि रोगजंतूवर थेट मारा करणारी औषधे हाती आली. जखम भरण्यास मदत करणे आणि रोग बरा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या इतिहासाने स्पष्ट केले. आजच्या दाव्यांकडे पाहतानाही हा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

अर्क त्वचेत काय करतो

सेंटेलातली चार संयुगे महत्त्वाची मानली जातात: एशियाटिकोसाइड, मॅडेकासोसाइड, एशियाटिक आम्ल आणि मॅडेकासिक आम्ल. औषधी वापरासाठी तयार होणाऱ्या एका प्रमाणित अर्कात सुमारे ४० टक्के एशियाटिकोसाइड आणि उरलेल्या भागात जवळपास निम्मी-निम्मी दोन्ही आम्ले असतात. युरोपियन फार्माकोपियाची अट अशी, की वाळलेल्या वनस्पतीत या गटातली संयुगे एकूण किमान ६ टक्के हवीत.

फ्रान्समधल्या रॅंस येथील माकार आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की या संयुगांच्या सान्निध्यात मानवी त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशी अधिक कोलॅजन तयार करतात. कोलॅजन हे त्वचेला बळकटी देणारे प्रथिन. जखम भरते ती मुख्यतः त्याच्या जोरावर. भारतातले महत्त्वाचे काम लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत झाले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या प्रयोगांत गिनीपिगच्या जखमांवर ०.२ टक्के एशियाटिकोसाइडचे द्रावण लावले, तेव्हा नव्या ऊतीतले कोलॅजन आणि तिचा ताण सोसण्याचा जोर, दोन्ही पन्नास टक्क्यांहून अधिक वाढले. मधुमेह असलेल्या उंदरांच्या जखमांवरही परिणाम दिसला. मधुमेहात जखमा रेंगाळतात, म्हणून हा निष्कर्ष विशेष आशादायक होता.

दाह कमी होण्याबाबतही प्रयोगशाळेत आधार मिळतो. मॅडेकासोसाइडमुळे दाह वाढवणाऱ्या काही रासायनिक संदेशांचे प्रमाण घटते, असे पेशींवरच्या अभ्यासांत आढळले आहे. 'शांत करणारा अर्क' या ओळखीचा पाया हाच.

पण काचेच्या बशीतल्या पेशी आणि माणसाच्या गालावरची त्वचा यांत मोठे अंतर आहे. एशियाटिकोसाइडचा रेणू मोठा असतो आणि त्वचेचा वरचा थर त्याला सहज आत घेत नाही. जखमेत तो थर फाटलेला असतो, त्यामुळे औषध आत पोहोचते. अखंड त्वचेवर लावलेल्या क्रीममधून किती पोहोचते, हे त्या क्रीमची घडण कशी आहे यावर ठरते.

माणसांवरच्या चाचण्या

सर्वात भक्कम बाजू जखमांची आहे. इराणमध्ये ७५ भाजलेल्या रुग्णांवर झालेली आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी वारंवार उद्धृत होते. तिच्यात सेंटेलाचे मलम नेहमीच्या सिल्व्हर सल्फाडायझीनच्या तुलनेत सरस ठरले; जखमा लवकर भरल्या आणि वेदना कमी राहिल्या. यावरचा आक्षेपही रास्त आहे. सिल्व्हर सल्फाडायझीन जंतुसंसर्ग रोखण्यासाठी वापरतात, पण त्यामुळे जखम भरण्यास उशीर लागू शकतो हे इतर अभ्यासांतून पुढे आले आहे. ज्याच्याशी तुलना केली तेच मलम त्या बाबतीत कमकुवत असेल, तर विजयाचे वजन कमी होते.

थायलंडमध्ये मधुमेहाच्या २०० रुग्णांना पोटातून सेंटेलाचा अर्क देऊन केलेली चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात जखमा आकसण्याचा वेग चांगला दिसला आणि गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत. थायलंडमध्येच त्वचारोपणासाठी मांडीवरून त्वचा काढलेल्या जागी क्रीम लावूनही अभ्यास झाला. व्रणाच्या रंगात काहीशी सुधारणा नोंदली गेली. अशा चाचण्या एकत्र तपासणाऱ्यांचा सूर साधारण सारखा आहे: दिशा अनुकूल, पण चाचण्या थोड्या, लहान आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या.

सुरकुत्यांच्या बाबतीत पुरावा आणखी विरळ होतो. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रेंच चाचणीत उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेच्या २० महिलांनी सहा महिने ५ टक्के क जीवनसत्त्व आणि ०.१ टक्का मॅडेकासोसाइड असलेले क्रीम लावले. सुमारे दोन तृतीयांश महिलांमध्ये सुधारणा दिसली. मात्र क जीवनसत्त्वाचा त्वचेवरचा परिणाम स्वतंत्रपणेही माहीत आहे, त्यामुळे यातले श्रेय कोणाला किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

गरोदरपणातल्या पट्ट्यांचा दावा शास्त्रीय मत कसे बदलते याचे चांगले उदाहरण आहे. सेंटेला असलेल्या एका क्रीमने हे पट्टे टळतात, असे १९९१ च्या एका छोट्या चाचणीवरून सांगितले जाई. २०१२ मध्ये कॉक्रन संस्थेने ८०० महिलांचा समावेश असलेल्या सहा चाचण्या एकत्र तपासल्या. अशा कोणत्याही लेपाच्या बाजूने दर्जेदार पुरावा मिळत नाही, असा निष्कर्ष निघाला. हा दावा जाहिरातींत मात्र आजही आहे.

मुरूम, इसब आणि सोरायसिसवर सेंटेला असलेली मिश्र क्रीम वापरून छोटे अभ्यास झाले आहेत. त्यांत इतर घटकही असल्याने एकट्या सेंटेलाबद्दल निश्चित बोलता येत नाही.

सुरक्षितता

सेंटेलाचा लेप बहुतेकांना सोसतो. अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांची छाननी करणाऱ्या तज्ज्ञमंडळानेही ॲलर्जी होणार नाही अशा रीतीने बनवलेल्या उत्पादनांत त्याचा वापर सुरक्षित मानला आहे. तरी संपर्कातून ॲलर्जी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. शांत करणारा म्हणून लावलेला लेप एखाद्याची त्वचा उलट चिडवू शकतो. १९७२ मध्ये केस नसलेल्या उंदरांवर दीर्घकाळ एशियाटिकोसाइड लावून केलेल्या प्रयोगात अर्बुदवाढीस किंचित हातभार लागल्याचे दिसले होते; माणसांत तसे आढळलेले नाही.

पोटातून घेताना अधिक सावध राहायला हवे. २००५ मध्ये अर्जेंटिनातल्या डॉक्टरांनी तीन महिलांची हकिगत प्रसिद्ध केली. काही आठवडे सेंटेलाच्या गोळ्या घेतल्यावर त्यांना कावीळ झाली आणि गोळ्या थांबवल्यावर प्रकृती सुधारली.

तीन भूमिका

या सगळ्या माहितीचा अर्थ लावणारे तीन प्रवाह दिसतात.

आयुर्वेदाच्या वैद्यांचे म्हणणे असे, की मंडूकपर्णी हे संपूर्ण द्रव्य आहे. त्यातून एक-दोन संयुगे वेगळी काढून मोजली की तिचे गुण पूर्ण कळत नाहीत. स्वरस, घृत, तेल अशा औषधी रूपांत तिचा वापर शतकानुशतके झाला आहे आणि तो अनुभवही पुराव्यात धरला पाहिजे. रुग्णाची प्रकृती न पाहता सर्वांना एकच क्रीम देणे त्यांना मान्य नाही.

आधुनिक त्वचारोगतज्ज्ञ प्रमाणाचा प्रश्न विचारतात. कोणत्या जागची वनस्पती, कोणता अर्क, त्यात किती टक्के कोणते संयुग, कशाशी तुलना, किती रुग्ण? ही माहिती नसेल, तर एका उत्पादनाचा गुण दुसऱ्याला लावता येत नाही. त्यांच्यातले बरेच जण सेंटेलाला पूरक म्हणून जागा देतात. बोईसरजवळच्या तारापूरसारख्या औद्योगिक वसाहतीत रसायने हाताळून हाताला इसब झालेल्या कामगाराला त्यांचा पहिला सल्ला असेल, की त्या रसायनाशी संपर्क तोडा, योग्य हातमोजे वापरा आणि साधे स्निग्ध मलम लावा. सुखावणाऱ्या अर्काचा विचार त्यानंतरचा.

तिसरी बाजू उद्योगाची. त्यांच्या मते सौंदर्यप्रसाधन म्हणजे औषध नव्हे. त्वचा मऊ वाटली, लाली थोडी निवळली, तरी ग्राहकाचे समाधान होते आणि त्यासाठी औषधाइतक्या काटेकोर पुराव्याची अपेक्षा ठेवू नये. या भूमिकेत तथ्य आहे. अडचण येते ती प्रसाधनाच्या नियमांखाली औषधाचे दावे होतात तेव्हा. ही सीमारेषा किती पुसट आहे, हे मराठी उद्योगाला जुने ठाऊक आहे. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये सुरू केलेल्या विको लॅबोरेटरीजच्या हळदीच्या क्रीमला प्रसाधन मानून कर लावायचा की आयुर्वेदिक औषध मानून, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

ट्यूबवरचे बारीक अक्षर वाचले तर आणखी एक गोष्ट कळते. घटक उतरत्या प्रमाणात लिहिण्याची पद्धत आहे, पण एक टक्क्याखालचे घटक कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. शिवाय 'सेंटेला अर्क' म्हणून लिहिलेला पदार्थ बहुधा पाणी आणि ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला असतो. 'अर्क ७० टक्के' असे ठळक छापले, तरी त्यात प्रत्यक्ष मॅडेकासोसाइड किती, हे त्या आकड्यावरून समजत नाही. ज्या संयुगांवर चाचण्या झाल्या, नेमके त्यांचेच प्रमाण सहसा वेष्टनावर सापडत नाही.

माती कोणती, यावर बरेच काही

स्थानिक वाचकाच्या दृष्टीने सर्वात निकडीचा प्रश्न इथे येतो. सेंटेला ओल्या जमिनीत वाढते आणि मातीतले जड धातू शोषून घेते. मलेशियातल्या संशोधकांनी वेगवेगळ्या ठिकाणची झाडे तपासून हे दाखवले. दूषित जागी वाढलेल्या झाडांत शिसे, तांबे, जस्त अधिक सापडले. आयुर्वेदिक औषधांसाठी वनस्पतीत शिसे १० पीपीएम (दहा लाख भागांत १०), आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३ पीपीएमपेक्षा जास्त नसावे, अशी मर्यादा आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वात वरच्या क्रमांकावर होते. म्हणून आसपासचा प्रत्येक बांध दूषित आहे, असे ठरत नाही. पण कारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठचा कारिवणा आणि डोंगरउताराच्या झऱ्यावरचा कारिवणा एकच, असे धरून चालणेही धोक्याचे आहे. पान दोन्हीकडे सारखेच हिरवे दिसते; फरक प्रयोगशाळेतच कळतो.

घरगुती वापरालाही हे लागू पडते. ओलाव्याच्या जागचे पान चिखलमातीने माखलेले असते. ते ठेचून उघड्या जखमेवर लावले तर धनुर्वाताच्या जंतूंसह इतर संसर्गाची भीती राहते. चाचण्यांत वापरलेले मलम निर्जंतुक आणि मोजून बनवलेले असते, त्यामुळे तिथले निकाल बांधावरच्या ठेच्याला लावता येत नाहीत.

लाभ कोणाचा

वनस्पतींच्या ज्ञानाच्या मालकीचा वाद महाराष्ट्राला चांगला परिचित आहे. हळदीने जखम भरते, या गोष्टीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ मध्ये मिळालेले अमेरिकी पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) आव्हान देऊन १९९७ मध्ये रद्द करायला लावले. पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल भांडार उभारण्यामागे त्या लढ्याची प्रेरणा होती.

पेटंट अडवणे ही एक बाजू. कच्चा माल गोळा करणाऱ्याला काय मिळते, ही दुसरी. २००२ च्या जैवविविधता कायद्यात लाभवाटपाची तरतूद आहे आणि भारतीय कंपन्यांनाही ती लागू होते, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात म्हटले. २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथोक्त पारंपरिक ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना सवलती दिल्या. उद्योगाला यात सोय दिसते. वनहक्कांवर काम करणाऱ्यांना वाटते, की वारली, कातकरी, कोकणा, मल्हार कोळी अशा समाजांच्या हातचा वाटा यामुळे निसटेल. हा वाद अजून मिटलेला नाही.

काय ठरले, काय बाकी आहे

प्रमाणित सेंटेला अर्क जखम भरण्यास मदत करतो, हे मध्यम ताकदीच्या पुराव्याने मान्य करता येते. दाह शमवण्याबाबत प्रयोगशाळेतला आधार चांगला, मानवी पुरावा तोकडा. सुरकुत्यांबाबत पुरावा अपुरा आहे. गरोदरपणातल्या पट्ट्यांवरचा दावा तपासणीत टिकलेला नाही.

बाकी प्रश्न तीन. भारतीय त्वचेवर मोठ्या, नियंत्रित चाचण्या हव्यात, कारण आपल्याकडे व्रणांपाठोपाठ राहणारे काळे डाग ही मोठी तक्रार आहे. उत्पादनांवर अर्काऐवजी संयुगाचे प्रमाण लिहिण्याचा नियम हवा. आणि निरनिराळ्या भागांतल्या वनस्पतींची संयुगे व जड धातू, दोन्ही मोजली गेली पाहिजेत.

यातले तिसरे काम पालघर जिल्ह्यात सुरू करता येण्यासारखे आहे. दापोलीचे बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आणि डहाणूजवळच्या कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र इथल्या शेतकऱ्याला मार्गदर्शन करू शकतात. लखनौच्या सीमॅप या औषधी वनस्पती संशोधन संस्थेने लागवडीचे वाणही काढले आहेत. धावत्या खोडाच्या तुकड्यांवर येणारी, सावली आणि ओल मागणारी ही वनस्पती वाडीतल्या झाडांखाली स्वच्छ पाण्यावर घेता येते. माती आणि पाला तपासून विकला, तर शेतकऱ्याला दर मागता येईल आणि घेणाऱ्यालाही खात्री मिळेल.

तोवर वाचकाने एवढे करावे. वेष्टनावर सेंटेला एशियाटिका हे नाव आहे का ते पाहावे. नवे क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला काही दिवस लावून पाहावे. नाल्याकाठचा पाला वापरू नये. मधुमेहातली जखम, मोठे भाजणे आणि बधिर झालेला चट्टा घेऊन थेट डॉक्टरांकडे जावे. बधिर चट्टा कुष्ठरोगाचा असू शकतो; त्याचे निदान आणि औषध सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळते.